खांदा दुखतोय? आधी हात उचलून दाखवा

आमच्या वयाच्या लोकांचा खांदा दुखला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘एमआरआय काढू का?’ आठवडाभर लॅपटॉप, रविवारी बॅडमिंटन. बडोद्यात त्यात नवरात्रीच्या गरब्याची भर. माझं मत विचाराल तर मशीनच्या आधी तपासणाऱ्याचे हात.

सगळ्यात साधी तपासणीच मला सगळ्यात हुशार वाटते. आधी हात तुम्ही स्वतः उचलायचा. मग सैल सोडायचा आणि डॉक्टरांनी किंवा फिजिओने उचलायचा. तुम्हाला जमत नाही, पण त्यांनी उचलला की वर जातो? मग संशय खांद्याभोवतीच्या स्नायूंवर, म्हणजे रोटेटर कफवर, क्वचित नसेवर. दोन्ही वेळा अडतो, त्यातही कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवताना? मग फ्रोझन शोल्डर किंवा सांध्याची झीज.

आमच्या आत्याला मधुमेह आहे. रिपोर्टात ‘पार्शल टेअर’ वाचून घरात ऑपरेशनच्या खर्चाची बोलणी सुरू झाली होती. फिजिओताईंनी तिचा हात बाहेर फिरवून पाहिला, तर तो फिरेचना. एक्स-रेत झीज नव्हती. निघाला फ्रोझन शोल्डर, जो मधुमेहींना जास्त होतो. ऑपरेशन टळलं, व्यायामाला मात्र कित्येक महिने लागले.

मग ती फाट? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते. सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रोटेटर कफमध्ये फाट दिसली, साठीपुढच्यांत तर निम्म्याहून जास्त!

हाताच्या टेस्टही काही देववाणी नव्हेत. ‘एम्प्टी कॅन’मध्ये अंगठा खाली करून, जणू डबा उपडा करतोय असा हात पुढे धरायचा आणि तपासणारा वरून दाबतो. दुखलं म्हणजे फाटलंच असं नाही. ताकद कमी पडली तर संशय वाढतो. १९९८ साली आलेल्या ओब्रायन टेस्टचे सुरुवातीचे आकडे जवळजवळ शंभर टक्के होते, पुढच्या अभ्यासांत ते टिकले नाहीत. आमच्याकडे एक टेस्ट फेल झाली म्हणून कोणी अख्खा कोड फेकत नाही. तसंच दोन-तीन टेस्ट, वय आणि दुखणं कसं सुरू झालं हे एकत्र बघावं लागतं.

पडल्यावर खांद्याचा आकार बदलला किंवा हात उचलेनासा झाला, तर मात्र घरी कसलीही टेस्ट करू नका. हात झोळीत बांधा आणि तडक दवाखाना गाठा.