हसवा, पण कोणाच्या जिवावर?

मैत्रिणींनो, ८ मार्च जवळ आला की अमरावती-अकोल्याकडे पथनाट्य करणाऱ्या आमच्यासारख्या गटांना बोलावणी येतात. सोबत सूचना येते : 'रडकं नको, हसवा.' एका आयोजकांनी तर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचा प्रवेशच गाळायला सांगितला. ती तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर आपलं नाव लावून मागते, एवढाच तो प्रवेश. त्याऐवजी नवरा-बायकोचे चार वऱ्हाडी विनोद घाला म्हणे. 'पब्लिकले तेच लागते!' आम्ही नकार दिला. बोलावणं रद्द झालं.

पब्लिकला खरंच तेच लागतं? याच बोलीत शेंडगावच्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) कीर्तनं केली. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं, रात्री लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, देवापुढे बकरं कापू नका, शिवाशीव पाळू नका. यातलं काहीच ऐकणाऱ्यांच्या सोयीचं नव्हतं. तरी हजारो लोक जमत आणि स्वतःच्याच वागण्यावर खळखळून हसत. पोरांच्या शिक्षणासाठी बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, असंही बाबा सांगत. काटकसर बायकोच्याच लुगड्यात का, हे त्यांनाही विचारलंच पाहिजे. पण टाळ्यांसाठी त्यांनी शब्द बदलला नाही.

१९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. त्यात गाणी होती, विनोदही होता, आणि ते गावोगाव चाललं. म्हणजे वाद गंभीर की विनोदी, हा नाहीच. हसू मारणाऱ्यावर की मार खाणारीवर, हा आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. तरी तिच्या नावाचा फेरफार घरातलेच अडवून धरतात, हे आम्ही कामात नेहमी बघतो. तो प्रवेश गाळला, तर बघायला आलेल्या बाईनं घरी काय न्यायचं? कजाग बायकोचा विनोद? तो तर ती रोजच ऐकते.

आयोजकांचं 'पब्लिक' म्हणजे पहिल्या रांगेतल्या खुर्च्या. मागे सतरंजीवर बसलेल्या बायांना कोण विचारतं?

म्हणून सगळ्या गटांनी मिळून ठरवू या : मानधन कमी झालं तरी चालेल, प्रवेश गाळायचा नाही. एका गटानं नाकारलेला कार्यक्रम दुसऱ्यानं त्याच अटीवर घ्यायचा नाही. मग 'दुसरा गट बोलावू' ही धमकी कोणाला देतील?