होडी फायबरची की अल्युमिनियमची, हे साहेब नाही ठरवणार



सरदार सरोवराच्या बुडितातल्या अक्कलकुवा आणि अक्राणीच्या गावांत सध्या होड्यांचीच चर्चा आहे. मच्छीमार सोसायट्यांना अनुदानावर होड्या मिळणार म्हणतात, आणि त्या सगळ्या फायबरच्या असणार. हे कुणी ठरवलं? कोणत्या ग्रामसभेत ठरलं? एका ऑफिसात आम्ही पोरं विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं की कोटेशन फायबरचं आलंय, तुम्हाला काय फरक पडतो, होडी ती होडीच.

फरक पडतो साहेब. पाण्यात आम्ही उतरणार, तुम्ही नाही.

हे पाणी तळ्यासारखं नाही. खाली आपली शेतं आहेत, घरांचे खांब आहेत, महू आणि सागाची उभी झाडं आहेत. जंगल न तोडताच पाणी भरलं, त्यामुळे बुडालेली खोडं तशीच उभी आहेत, काही पाण्याच्या वर दिसतात, काही हातभर खाली असतात. पावसाळ्यात पाणी धरणाच्या 138.68 मीटरपर्यंत चढू शकतं, मग उतरत जातं. आज जिथून होडी बिनधोक गेली तिथं पंधरा दिवसांनी खोडाचं टोक वर आलेलं असतं. काठ म्हणजे कुठं खडक, कुठं मांडीपर्यंत गाळ. धक्का नाही, घाट नाही. पाणी उतरलं की होडी ओढत न्यावी लागते आणि चढलं की परत वर आणावी लागते. हे काम गडीपण करतात आणि बायापण.

आता फायबर म्हणजे काय ते बघा. काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन यांचे थर एकावर एक चढवून ती होडी बनते. वरून चकाचक रंग असतो. चांगली बनवली तर चांगली टिकते, हे मी नाकारत नाही. पण खोडावर जोरात आदळली तर ती वाकत नाही, तडकते. पुष्कळदा तडा वरून केसाएवढा दिसतो आणि आतले थर सुटलेले असतात. तिथून पाणी आत मुरत जातं आणि होडी जड होते. खडकावरून रोज ओढली की तळाचा वरचा थर घासून जातो आणि आतली काच उघडी पडते. उन्हात टाकून ठेवली की तेही तिला सोसत नाही.

अल्युमिनियम आदळलं तर पोचा पडतो. दिसायला वाईट दिसतं, पण बहुतेक वेळा होडी माणसांना घेऊन काठाला येते. आणि ती हलकी असते. तेवढ्याच लांबीची फायबरची होडी गाळातून वर ओढून बघा आणि अल्युमिनियमची ओढून बघा, मग कोटेशनवर बोलू.

फायबरच्या बाजूने बोलणारे साथी आपल्यातही आहेत, आणि त्यांचा एक मुद्दा खरा आहे. ते म्हणतात, फायबर आपण गावात दुरुस्त करू शकतो. मॅट, रेझिन, हार्डनर आणि घासायचा कागद एवढं असलं तर कुठलाही पोरगा दोन दिवसांत शिकेल. अल्युमिनियमला वेल्डिंग लागतं, तेही साधं नाही. त्याला आरगॉन गॅस लागतो, वीज लागते, आणि ज्या पाड्यांवर वीजच नाही तिथं हे कुठून आणायचं? होडी ट्रकवर घालून शहरात न्यायची का?

याला उत्तर आहे. छोट्या भोकाला वेल्डिंग लागत नाही. त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ, मधे पाणी न झिरपणारा मसाला आणि वरून रिव्हेट. हाताने फिरवायचं ड्रिल आणि रिव्हेट मारायचं हत्यार गावात असलं की झालं. मोठं फाटलं तर शहर गाठावं लागेल, हे खरंच आहे. पण फायबरची दुरुस्तीसुद्धा सांगतात तेवढी सोपी नाही. जागा पूर्ण कोरडी पाहिजे, नाहीतर थर धरत नाही. आपल्याकडे होडी जास्त फुटते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा आठ-आठ दिवस काहीच कोरडं नसतं. रेझिनचा डबा वर्षानुवर्षे टिकत नाही, उन्हाळ्यात आणखी लवकर घट्ट होतो. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जातो, आणि घासताना उडणारी धूळ छातीत जाते. होड्यांच्या यादीत मास्क आणि चष्मा कुणी लिहिलेत का, जरा बघा.

दुसरा मुद्दा ते काढतात समुद्राचा. किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या किती दिसतात, मग ते काय वेडे आहेत? अजिबात नाही. तिथं खारं पाणी आहे. खाऱ्या पाण्यात अल्युमिनियमला दुसरा धातू लागला, तांबं-पितळ किंवा लोखंडाचा बोल्ट, की ते खात जातं. तिथं बंदरं आहेत, दुरुस्ती करणारे कारागीर आहेत. आपलं पाणी गोड आहे आणि आपल्याकडे कारागीर नाही. त्यांचा हिशेब त्यांच्या पाण्याचा आहे.

अल्युमिनियमचे दोष पण सांगतो, नाहीतर उद्या म्हणाल पोराने लपवलं. एक तर महाग आहे. उन्हाळ्यात दुपारी हात लावता येत नाही. वल्हं लागलं की आवाज होतो, त्यामुळे तळाशी फळ्या टाकाव्या लागतात. आणि भंगारवाला त्याला वजनावर पैसे देतो, म्हणून चोरी होऊ शकते. पण हाच दोष शेवटी फायदापण आहे. होडी म्हातारी झाली की चार पैसे परत मिळतात. फुटकं फायबर कोण घेतं? जाळलं तर विषारी धूर होतो, पुरलं तर शेतात काच. आपल्या काठावर तसे सांगाडे पडून राहणार आणि पुढची पिढी ते बघणार.

शिवाय कुठलंही अल्युमिनियम चालत नाही. जेवणाच्या थाळीचा पत्रा वाकवून होडी केली तर ती फायबरपेक्षा वाईट. पाण्यासाठीचा मिश्र धातू येतो, 5052 किंवा 5083 नंबरचा, तो कागदावर लिहून घ्यायचा. तळ 3 मिमीपेक्षा पातळ नको. आणि होडी कशाचीही असो, आत हवाबंद कप्पे किंवा फोम पाहिजेच, म्हणजे पाणी भरलं तरी ती तरंगेल आणि माणूस धरून राहील. फायबर बुडतं, अल्युमिनियमही बुडतं. ठेकेदार पहिला हात मारणार तो इथेच, कारण कप्पा वरून दिसत नाही.

लाकडाचा डोंगा का नाही, असं म्हातारी माणसं विचारतात. बरोबर विचारतात. एका खोडाचा डोंगा आपण स्वतः कोरायचो, त्याला कोटेशन लागत नव्हतं. पण तेवढी झाडं पाण्याखाली गेली, आणि जी वर राहिली त्यांना कुऱ्हाड लावली तर वनखात्याची केस. हजारो हेक्टर जंगल बुडवणाऱ्यावर केस नाही!

आता आपल्याच काही साथींशी बोलतो. ते म्हणतात, होडी मागितली म्हणजे बुडीत मान्य केलं. मला हे पटत नाही. 1979 च्या निवाड्याने जमिनीला जमीन, कुटुंबाला कमीत कमी 2 हेक्टर, आणि सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब मानायचं असं ठरवलंय. तो हक्क होडी घेतल्याने एक गुंठाही कमी होत नाही. पण त्यांची भीती खोटी पण नाही. उद्या कुणी साहेब फाइलीत लिहील की अमुक कुटुंबाला होडी दिली, पुनर्वसन झालं. म्हणून पावतीवर सही करताना वर लिहायचं: "ही होडी जमिनीच्या बदल्यात नाही." लिहू देत नसतील तर अंगठा द्यायचा नाही.

आणि मासळीचा हक्क? होडी आपली आणि पाण्याचा ठेका दुसऱ्याचा, तर आपण आपल्याच शेतावर मजूर. तवा धरणाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. मध्य प्रदेशात तिथल्या विस्थापित आदिवासींनी लढून 1996 साली जलाशयाचा मासेमारीचा ठेका स्वतःच्या संघाकडे घेतला आणि सोसायट्या चालवून दाखवल्या. 2006 च्या शेवटी व्याघ्र प्रकल्पाचं कारण सांगून तो बंद केला. होड्या आणि जाळी होती, तरी पाण्यावरचा हक्क काढून घेतला. आपल्या हातात आता 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. होडीचा अर्ज आणि हा दावा एकाच ग्रामसभेत, एकाच दिवशी घाला.

ठरावात एवढं टाका: होडी कशाची ते ग्रामसभा ठरवेल, आमच्या पाण्याला अल्युमिनियम पाहिजे, होडीबरोबर रिव्हेटचं सामान द्यावं आणि प्रत्येक पाड्यातल्या दोन मुला-मुलींना दुरुस्ती शिकवावी. पहिली होडी आली की सही करायच्या आधी काठाजवळ उथळ पाण्यात नेऊन तिच्यात काठोकाठ पाणी भरा. तरंगली तर ठेवा. बुडाली तर ज्या ट्रकने आली त्याच ट्रकवर चढवा.