कुलवृत्तान्तांचे पुनर्मुद्रण : मूळ प्रत की सुधारित आवृत्ती?

कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार मराठी वाङ्मयेतिहासाने आपल्या कक्षेत फारसा घेतला नाही. ‘घरच्या हौसेची पुस्तके’ म्हणून त्याची बोळवण झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः चित्पावन कुळांनी, छापील पत्रके पाठवून माहिती मागविली, वर्गणी जमविली आणि हे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. प्रती बहुधा वर्गणीदारांपुरत्याच निघाल्या. आता त्या दुर्मिळ झाल्या असून कुळाकुळांतून पुनर्मुद्रणाची मागणी होत असते. मागणी स्वागतार्ह आहे. तिची नेहमीची पूर्तता मात्र चिंताजनक आहे.

ही पूर्तता बहुधा ‘सुधारित व वाढविलेल्या आवृत्ती’ने होते. नव्या पिढ्यांची भर घालताना जुनी वृत्ते संक्षिप्त केली जातात, भाषा ‘आधुनिक’ केली जाते, आणि अडचणीचा वाटणारा मजकूर हलकेच वगळला जातो. कुटुंबीयांच्या दृष्टीने ते स्वाभाविक असेल. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो साधनाचा नाश होय. जुन्या ग्रंथात कोणाचे दत्तकविधान नोंदले गेले, कोणत्या शाखेचा संबंध ‘जुळत नाही’ म्हणून ती अलग छापली गेली, विवाहित कन्यांना किती ओळी मिळाल्या, पत्नीचे माहेर लिहिले पण तिचे शिक्षण लिहिले नाही, हेच त्या काळाविषयीचे पुरावे आहेत. कन्यांची नावे आज नव्याने घालणे न्याय्यच आहे. पण ती जुन्या पानांत मिसळली, तर १९३० च्या आसपासच्या संपादकाने त्यांना कोठे ठेवले होते हे पुढे कोणालाच कळणार नाही.

म्हणून मूळ ग्रंथ पृष्ठशः जसाच्या तसा छापावा आणि भर स्वतंत्र पुरवणीत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याने आणखी एक अडचण टळते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते प्रसिद्ध करण्याचा प्रश्न मग पुरवणीपुरताच उरतो, व तेथे संबंधितांची संमती घेता येते.

गो. स. सरदेसाई यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’त राज्यकर्ती व सरदार घराणी भेटतात. कुलवृत्तान्तात भेटतो तो कारकून, शाळामास्तर, भिक्षुक आणि गाव सोडून मुंबई-पुण्यास गेलेला धाकटा भाऊ. मॉरीन पॅटर्सन यांनी चित्पावन कुलेतिहासांचा सामाजिक रचना व परिवर्तन यांच्या अभ्यासाचे साधन म्हणून विचार केला. त्यांचा निबंध सिंगर आणि कोहन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात १९६८ साली आला. आपण बाजूस सारलेल्या पुस्तकांचे मोल परदेशी अभ्यासिकेने ओळखावे, हे आपल्याला फारसे भूषणावह नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकालाही येथे काम आहे. केशवसुतांच्या जन्माच्या १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा सांगितल्या जातात. त्यांचे बंधू मोरो केशव दामले वैयाकरण, तर सीताराम केशव दामले पत्रकार व कादंबरीकार. एकाच घरातून कवी, वैयाकरण आणि कादंबरीकार निघतात, तेव्हा त्या घराचे शिक्षण, स्थलांतर व आप्तसंबंध यांचा शोध घ्यावाच लागतो. तो घेताना कुलवृत्तान्तासारखी साधने हाताशी असावीत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

हे काम केवळ कुलमंडळांवर सोपवू नये. त्यांचा उत्साह आदरणीय आहे, परंतु कुळाचा गौरव आणि कुळाचा इतिहास यांतील अंतर राखणे आतल्या माणसाला कठीण जाते. विद्यापीठीय मराठी विभागाने संपादनाची जबाबदारी घ्यावी, मंडळाने खर्चाची. माहिती कशी जमविली आणि कोण गाळले गेले, याची चिकित्सा प्रस्तावनेत हवी. ही साधने मुख्यतः एका साक्षर जातिसमूहाची आहेत हेही तेथे लिहिले पाहिजे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि हेळव्यांची मौखिक परंपरा यांत इतरांच्या वंशस्मृती आहेत. त्यांचे संकलन हा निराळा, कदाचित अधिक निकडीचा प्रकल्प ठरेल.

कायद्याची बाजू तुलनेने सोपी आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. पुष्कळ जुने संपादक या मर्यादेपलीकडे गेले आहेत. उरलेल्यांच्या वारसांचा शोध घेण्यास वंशवृक्ष हाताशी आहेच! खरी अडचण घडीच्या पानांची आहे. मोठे वंशवृक्ष घडीवरच फाटतात, आणि पुनर्बांधणीत कडा कापल्या गेल्या की शेवटच्या पिढीची नावे जातात. तेव्हा बांधणी उसवण्यापूर्वी प्रत्येक घडीचे पान उलगडून त्याचे छायाचित्रण व्हावे, आणि एकाच प्रतीवर विसंबू नये.