घोडा घेण्याआधी

नोकरीनिमित्त जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब कार्तिकात पुष्करच्या मेळ्याला गेले होते. चौदा वर्षांची मुलगी एका तांबूस घोडीपुढे जी उभी राहिली, ती हलेचना.

"बाबा, घेऊ या ना! आपल्याकडे जागा नाही, पण गावाकडच्या एखाद्या तबेल्यात ठेवू. मी रोज जाईन."

किंमत ऐकून बाबाही विचारात पडले. एका मोटारसायकलच्या पैशांत घोडी मिळत होती. आईने मात्र एकच प्रश्न विचारला, "आणि मोटारसायकल उभी ठेवली तर पेट्रोल लागत नाही. हिचं काय?"

खरी गोष्ट आईनेच ओळखली होती. पुष्कर असो की आपल्याकडची सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, घोडा विकत घेणे तासाभराचे काम असते. सांभाळणे मात्र पंचवीस वर्षांचे. नीट काळजी घेतलेला घोडा तेवढा सहज जगतो. आज चौदा वर्षांची असलेली मुलगी तोवर शिकून, नोकरीला लागून कुठल्या कुठे गेलेली असेल.

आधी बारगीर, मग शिलेदार

शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. हौशी कुटुंबांनीही हाच क्रम धरावा. निदान वर्षभर दुसऱ्याच्या घोड्यावर शिकावे, मग स्वतःच्या घोड्याचा विचार करावा.

जयपुरात यासाठी वातावरण आहे. लष्कराची १९५३ साली उभी राहिलेली ६१वी कॅव्हलरी येथे आहे आणि पोलोची परंपरा तर त्याहून जुनी. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेले मानसरोवर आज मेट्रोने शहराला जोडलेले असले, तरी मुहाना, बगरू या बाजूंना शेते आणि वाळूच्या वाटा लागतात. रपेटीला अशी मऊ जमीन उत्तम. अनेक दिवसांची सफर हवी असेल तर शेखावाटीत दुंडलोदसारख्या ठिकाणी मारवाडी घोड्यांवरून ती करता येते. टोके एकमेकांना भिडणाऱ्या कानांची ही देखणी जात रेवाल नावाच्या मऊ चालीसाठी प्रसिद्ध आहे.

तबेला कसा पारखावा?

जाहिरातीपेक्षा नालबंद आणि पशुवैद्य यांना विचारावे. कोणत्या तबेल्यातून वेळेवर बोलावणे येते आणि कुठून घोडा आडवा झाल्यावरच, हे त्यांना ठाऊक असते. मग न कळवता एकदा सकाळी जाऊन यावे. मालकाशी बोलण्याआधी घोडे पाहावेत. बरगड्या दिसतात का, खोगिराखाली जखमा आहेत का, मोतद्दार जवळ आला की घोडा कान मागे पाडतो की मान पुढे करतो, हे पाहिले की बरेच कळते.

साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात पाणी याहून जास्त. चंदी कामाच्या मानाने द्यायची. चारा वाळूवर टाकलेला दिसला तर सावध व्हावे. चाऱ्याबरोबर पोटात गेलेली वाळू साचून पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावू शकतो. सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापणे, नाल बदलणे, जंतांचे औषध आणि धनुर्वाताची लस यांची वही ठेवलेली असावी.

घोडा ठेवायचाच ठरला तर सगळे कागदावर घ्यावे. महिन्याच्या रकमेत काय येते? रात्री घोडा आजारी पडला तर डॉक्टर कोण बोलावणार आणि खर्च कोणाचा? आपला घोडा दुसऱ्यांना फिरवायला देणार का? लग्नसराईत तो वरातीला जाणार नाही, हेही लिहून घ्यावे. बँड आणि फटाक्यांत भेदरलेला घोडा मुलाच्या हाती देणे धोक्याचे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी ही त्याची लक्षणे. बाधित जनावर २००९च्या कायद्यानुसार मारावे लागते. म्हणून रक्ताची तपासणी झाल्याशिवाय मेळ्यातला घोडा घेऊ नये आणि तशी तपासणी न मागणाऱ्या तबेल्यात आपला घोडा ठेवू नये.

रपेटीला निघताना

हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेतच. टाच नसलेला बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार फरपटत जातो. खोगीर चढवल्यावर तंग एकदा आवळावा, चार पावले चालवून पुन्हा पाहावा. पहिले धडे कुंपणाच्या आत, शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर घ्यावेत. दुडकी चाल अंगवळणी पडल्याशिवाय बाहेर पडू नये. बाहेर एकट्याने जाऊ नये, उभ्या पिकातून घोडा घालू नये आणि वाटेतल्या शेतकऱ्याला रामराम करायला विसरू नये. काटेरी तारा, गावातली कुत्री आणि अचानक उसळणाऱ्या नीलगायी यांची माहिती त्यालाच असते.

हे कुटुंब पुष्करहून घोडी न घेताच परतले. मुलगी वाटभर बोलली नाही. पुढच्या रविवारपासून मात्र ती एका तबेल्यात जाऊ लागली. पहिला महिना तिला खरारा करणे, खूर साफ करणे आणि लीद उचलणे हेच शिकवले गेले. बाबांनी अटही सांगून ठेवली आहे :

"दोन उन्हाळे जाऊ देत. मे महिन्यात, ऊन तापायच्या आत, पहाटे पाचला उठून तू तबेल्यात जात राहिलीस, तर तिसऱ्या वर्षी आपण दोघं पुष्करला जाऊ."

आईने गजराचे घड्याळ मुलीच्या उशाशी आणून ठेवले आहे.