शेअर घ्या, पण बियाण्याच्या पैशाने नको

मुंबईत दादरजवळच्या नायगावात १९४८ साली गिरणी कामगारांनी भागभांडवल जमवून ग्राहक सहकारी संस्था काढली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. १९६८ साली नायगावातच तिचे मोठे भांडार उघडले. हे कामगार कोण? आपल्याच कोकणातली, घाटावरची माणसे. तेव्हा गावाकडच्या माणसाला शेअर कळत नाही, असे कोणी म्हणू नये. सोसायटीचा नाही तर साखर कारखान्याचा शेअर आपल्याकडेही घरोघरी आहे.

पण सहकारातला शेअर वेगळा आणि बाजारातला वेगळा. सहकारात शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. राज्याच्या सहकार कायद्याने लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. कंपनीच्या शेअरला वर मर्यादा नाही, तशी खालीही नाही. ‘ट्रेंट’ ही टाटांची दुकानदारीतली जुनी, लाभांश देणारी कंपनी. तिचा शेअर ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ हजारांवर गेला आणि पुढच्या वर्षभरात झपाट्याने उतरला. उलट ‘डी-मार्ट’ची दुकाने ओसंडून वाहतात, पण २०१७ साली शेअर बाजारात आल्यापासून २०२५ पर्यंत तिने लाभांश दिलेला नाही, नफा नव्या दुकानांत घातला. म्हणजे गर्दी बघून लाभांशाचा हिशेब मांडता येत नाही.

आणखी एक गोम आहे. ‘५०० टक्के लाभांश’ वाचून हुरळून जाऊ नका. तो टक्का दर्शनी किमतीवर असतो. दर्शनी किंमत एक रुपया असेल तर हाती पाच रुपये. तोच शेअर तुम्ही हजाराला घेतला असेल, तर हजारामागे पाच रुपये झाले. बँकेतल्या ठेवीचे व्याज याहून कितीतरी जास्त.

मग घ्यावा की नाही? आमचे मत असे: जरूर घ्यावा, पण नारळाचे झाड लावतो त्या बेताने. लावले की पुढच्या हंगामात फळ मागायचे नाही. दहा वर्षांत, टाळेबंदीच्या २०२० सालासह, कंपनीने काय दिले ते बघावे. बियाणे, खत, मुलीचे लग्न, पीककर्जाचा हप्ता यातला एक पैसा तिकडे वळवू नये. भाव पडलेला असताना पैशाची नड आली, तर पडत्या भावात विकावे लागते. तोटा खरा तिथेच होतो.

शेवटची गोष्ट कागदाची. सात वर्षे ओळीने लाभांश उचलला नाही, तर शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. परत मिळतात, पण हेलपाटे घालावे लागतात. म्हणून वारसाचे नाव आजच लावा, घरात सांगून ठेवा. मृत्यूच्या दाखल्यासाठी कोणी ग्रामपंचायतीत आला, तर तिथल्या मंडळींनीही विचारावे, “दादा, म्हाताऱ्याचे कुठे शेअर-बिअर होते का?” त्या एका प्रश्नाने एखाद्या घराचे पैसे वाचतील.