हळदीची तेजी आणि नवखे साठेदार

औंढा नागनाथ तालुक्यातील शेतकरी आपली हळद हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या मोंढ्यात नेतो. तेथे बिटात पुकारला जाणारा भाव केवळ हळदीच्या जाणकारांच्या हिशेबाने ठरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. पुकारा करणारा व्यापारी परवानाधारक आणि मुरलेला असला, तरी त्याच्यामागे कोणाचा पैसा उभा आहे हे ढिगाकडे पाहून कळत नाही. तेजीच्या दिवसांत तो पैसा पुष्कळदा अशांचा असतो, की ज्यांनी हळद कधी लावली नाही, शिजवली नाही, आणि जे तिला भाजीत घालण्यापलीकडे ओळखतही नाहीत. कोणी किराणा दुकानदार, कोणी ठेकेदार, कोणी निवृत्तीची रक्कम हाती आलेला नोकरदार. भाव चढत आहे एवढीच त्यांची माहिती, आणि तो आणखी चढेल हाच त्यांचा अभ्यास.

हळदीच्या भावाचा इतिहास या मंडळींना ठाऊक असता, तर त्यांचे पाऊल थोडे अडखळले असते. २०१० च्या अखेरीस हळद क्विंटलला पंधरा हजार रुपयांच्या पुढे गेली होती. २०१२ च्या आरंभी ती चार हजारांच्या आसपास आली. पुढे दशकभर भाव निस्तेजच राहिला. २०२३ च्या प्रारंभी सहा-सात हजारांच्या घरात असलेली हळद त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा पंधरा हजारांच्या पुढे गेली. पाऊस लांबला होता, लागवड घटल्याच्या वार्ता होत्या, निर्यातीला मागणी होती; म्हणजे वाढीला सबळ कारणे होतीच. परंतु सहा-सात महिन्यांत भाव दुपटीहून अधिक व्हावा, एवढी ती कारणे मोठी होती काय, हा प्रश्न उरतो.

हळद साठवणुकीस सोयीची आहे, हे या व्यवहाराचे मूळ होय. कांदा फार दिवस थांबत नाही, टोमॅटो तर आठवडाही थांबत नाही. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद मात्र नीट ठेवल्यास वर्षानुवर्षे राहते. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीतील पेवे याच गुणावर उभी राहिली. तेथील जुन्या पेढ्यांनी माल धरण्याचे एक शास्त्रच बनविले होते. गतवर्षीचा शिल्लक माल किती, इरोड आणि निजामाबादची आवक कशी, बांगलादेशाची खरेदी कोणत्या महिन्यात निघते, हे सारे जाणूनच असा साठेदार माल धरतो व सोडतो. स्वस्ताईत तो घेतो, टंचाईत विकतो, आणि या खटाटोपात भावाचे चढउतार काहीसे सौम्य होतात. साठेबाज म्हटले की शिवी देण्याची आपल्याकडील रीत म्हणूनच सरसकट न्याय्य नाही.

नवख्याचे वर्तन नेमके उलटे असते. तो स्वस्ताईत फिरकतही नाही. भाव चढल्याची बातमी गावोगाव झाली, की मग तो येतो. समजा त्याने सोळा हजारांनी हळद घेतली. द. सा. द. शे. १२ दराने वर्षाचे व्याज क्विंटलमागे १,९२० रुपये होते. त्यात गोदामाचे भाडे, हमाली, घटलेले वजन आणि किडीचे नुकसान धरले, तर वर्षाअखेर अठरा हजारांहून अधिक भाव मिळाला तरच त्याची मुद्दल सुटते. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. पण तेजीत तो मांडण्याची सवड कोणाला असते? खरेदी करताना तो मागणीत कृत्रिम भर घालतो. माल दडवून ठेवताना आवक कमी असल्याचा आभास निर्माण करतो. आणि कर्जाचा हप्ता दाराशी आला किंवा नव्या पिकाच्या वार्ता येऊ लागल्या, की भांबावून विकायला काढतो. त्याच्यासारखे सगळे एकाच वेळी भांबावतात, ही खरी आपत्ती.

या विषयावर अर्थशास्त्रात एक जुना वाद आहे. भाव अस्थिर करणारा सटोडिया महागात घेतो व स्वस्तात विकतो. सबब तो बुडतो आणि बाजारातून आपोआप बाहेर फेकला जातो, असा युक्तिवाद मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्ये केला. विल्यम बॉमल यांनी १९५७ मध्ये या निष्कर्षाला आव्हान दिले. युक्तिवाद सुबक आहे खरा. पण जो बुडाला तो गेला, तरी पुढच्या तेजीत नवा येतो, एवढी एक गोष्ट त्यात बसत नाही. अनुभव शिकवितो, हे मान्य; तथापि तो ज्याला येतो त्यालाच शिकवितो.

हाच प्रकार अगदी निराळ्या बाजारातही दिसतो. इंटरनेटवरील पत्त्यांची नावे, ज्यांना डोमेन नावे म्हणतात, ती वर्षाला हजार रुपयांच्या आसपास शुल्क भरून कोणालाही नोंदविता येतात. २०१९ मध्ये त्यांतील ‘व्हॉइस’ हे एक नाव तीन कोटी डॉलरना विकले गेले. अशा वार्ता वाचून कित्येकांनी वाटेल ती नावे धरून ठेवली. २०१५ च्या उत्तरार्धात चिनी खरेदीदारांच्या लाटेत निरर्थक अक्षरांची व आकड्यांची नावेही भलत्या भावाला गेली, आणि पुढच्याच वर्षी ती लाट ओसरली. तेथेही नवखा अव्वाच्या सव्वा मागतो, वर्षानुवर्षे शुल्क भरतो, आणि अखेर कंटाळून मिळेल त्या दराने सोडतो. दरम्यान ज्या छोट्या उद्योजकाला ते नाव खरोखर हवे होते, तो दुसऱ्या नावावर भागवून घेतो.

परंतु नावाच्या बाजारात बुडतो तो मुख्यतः नाव धरणारा. हळदीत तसे नाही. चढा भाव पाहून शेतकरी मे-जूनमध्ये लागवड वाढवितो. त्यासाठी बेणेही चढ्या दराने घेतो. नऊ महिन्यांनी पीक निघते, शिजवण-वाळवण होऊन मार्चच्या सुमारास माल यार्डात येतो, आणि नेमका त्याच वेळी नवख्यांचा दडलेला माल बाहेर पडलेला असतो. जो जुगार त्याने खेळलाच नाही, त्याची हार त्याच्या पदरी पडते. शेतकऱ्याने स्वतः माल धरला तर तोही साठेदारच, असे कोणी म्हणेल. पण भाव पडलेला असताना विकण्याची सक्ती टाळणे वेगळे आणि उसन्या पैशाने चढ्या भावाची खरेदी करणे वेगळे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, जिच्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते, ती पहिल्या गरजेसाठीच आहे.

नवख्यांना बाजारात येण्यास बंदी करावी, ही मागणी निरर्थक होय. ती अमलात येणार नाही, आणि आली तरी पैसा दुसऱ्याच्या नावाने येईल. करता येण्याजोगे आहे ते एवढेच, की किती माल कोठे पडून आहे हे सर्वांना कळावे. बाजार समित्या रोजची आवक आणि किमान-कमाल भाव जाहीर करतात. शिल्लक साठ्याचा आकडा मात्र अंदाजाने आणि अफवेनेच फिरतो. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचे कामकाज सुरू झाले. नोंदणीकृत गोदामांतील हळदीचा साठा या मंडळाने दरमहा जाहीर करावा, आणि हिंगोली व वसमतच्या समित्यांनी तो भावफलकाशेजारी लावावा. अनुभवी व्यापाऱ्याला त्या आकड्याची गरज नाही, तो त्याने केव्हाच मिळविलेला असतो. तो हवा आहे औंढ्याच्या त्या शेतकऱ्याला, ज्याला मे महिन्यात बेणे किती घ्यायचे हे ठरवायचे असते.