पायऱ्यांखाली गंगा, गल्लीत पाणी नाही

मा. महापौर, नगर आयुक्त, मुख्य अग्निशमन अधिकारी आणि पूर्वांचल विद्युत वितरण निगमाचे व्यवस्थापकीय संचालक, वाराणसी, यांस



मी ब्रह्माघाटावरच्या एका जुन्या मराठी वाड्यात राहते. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयांत पोहोचेलच. मराठीत लिहिते ते अशासाठी, की दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगेवरच्या कित्येक वाड्यांचे मालक आणि विश्वस्त महाराष्ट्रात किंवा इंदूर-ग्वाल्हेरकडे असतात, आणि या जबाबदारीत त्यांचाही वाटा आहे.

गेल्या पौषातली गोष्ट. शेजारच्या काकूंनी रात्री बोरसी खाटेखाली सारली. मातीच्या शेगडीत गोवऱ्या-कोळसा घालून ऊब घ्यायची ही इथली जुनी रीत. आम्ही काशीकर मराठ्यांनीही ती शब्दासकट उचलली. पहाटे रजईचे लोंबते टोक निखाऱ्यावर गेले. रजईत दाबलेला कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. दूधवाल्याला जिन्यात धूर दिसला म्हणून काकू वाचल्या. नळाला पाणी यायचे होते. दोन घागरी आणि एक बादली एवढ्यावर भागले. अग्निशमन दलाला फोन करावा का, यावर जिन्यातच बोलणे झाले. कोणीतरी म्हणाले, "गाडी मैदागिनच्या चौकापर्यंत येईल. पुढे?" ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

आमच्या गल्लीत समोरून सांड आला की माणसाला ओट्यावर चढावे लागते. तिथे बंब येणार नाही, हे कोणालाही कळते आणि त्यात दलाच्या जवानांचा काडीचा दोष नाही. पण मग गल्लीत दुसरे काय आहे? वाड्यांच्या भिंती दगडी, आत मात्र तुळया, पाटाई, जिने लाकडाचे. जिना एकच, अंधारा. मधला चौक धूर वर खेचतो आणि सगळ्या मजल्यांवर पसरवतो. वर गच्चीवर माकडांपायी लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, आणि किल्ली खाली कोणाच्या तरी कनवटीला.

आता या वाड्यांत पाहुणे राहतात. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, तेव्हापासून गर्दी वाढतच गेली आहे. नाताळच्या सुट्टीत पुण्या-नाशिकहून आलेल्या कुटुंबांना खोली मिळणे कठीण. प्रत्येक खोलीत ब्लोअर, प्रत्येक न्हाणीघरात गीझर. 2000 वॅटचा हीटर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. भिंतीवरचा साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. चार पाहुणे एकदम हीटर लावतात तेव्हा आजोबांच्या काळची, कापडात गुंडाळलेली तार लाकडी पट्टीत तापत राहते. जुन्या काशीतल्या 16 चौरस किलोमीटरमधल्या तारा 2017 अखेर जमिनीखाली गेल्या, सुमारे 50,000 ग्राहकांच्या डोक्यावरचे जाळे गेले. ते काम फार चांगले झाले. पण ती केबल मीटरपाशी थांबते. मीटरच्या पुढे घरात काय आहे, हे पाहायला कोणी येत नाही.

शहराला आगीचा अनुभव नाही असेही नाही. नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस कँट स्टेशनच्या वाहनतळावर सुमारे 200 दुचाकी जळाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये आत्मावीरेश्वर मंदिरात आरतीच्या वेळी कापसाच्या सजावटीने पेट घेतला आणि पुजाऱ्यांसह अनेक जण भाजले. ते मंदिर आमच्यासारख्याच गल्ल्यांत आहे.

बोरसी पेट न घेताही जीव घेते, हे वेगळेच. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. महापालिका थंडीत चौकाचौकांत अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटवते, ते पुण्याचे काम आहे. महापालिकेच्याच गाडीवरच्या भोंग्यातून रोज रात्री एवढे तरी सांगा: निजण्याआधी बोरसी खोलीबाहेर काढा.

माझे मुख्य मागणे पाण्याचे आहे. गंगा आमच्या दाराखाली आहे आणि आगीच्या वेळी तिचा थेंब वर येत नाही. पंप गल्लीत ठेवून उपयोग नाही. सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी तो ओढू शकत नाही, आणि थंडीत नदी उतरलेली असते. पंप खाली पाण्याशी हवा, नावेवर. घाटाच्या पायऱ्यांच्या कडेने एक लोखंडी नळ कायमचा बसवा, वर्षभर कोरडा. आग लागली की नाव खाली जोडायची, आणि गल्लीच्या तोंडाशी तोटीला होज लावायचा. उंच इमारतींत अशी उभी नळी असते; घाटांना ती का नसावी? सुरुवात पंचगंगा घाटापासून करा, जिथे अहिल्याबाईंचा हजारा दीपस्तंभ आहे. देवदिवाळीला तिथे मोठा बंदोबस्त असतो, तो एका रात्रीचा. आम्ही तिथे बाराही महिने राहतो.

नाव येईपर्यंतची दहा मिनिटे मोहल्ल्याचीच. एनडीआरएफची 11 वी बटालियन याच शहरात आहे. तिचे जवान रविवारी सकाळी येऊन प्रत्येक गल्लीतल्या वीसेक मुलांना वाळू, ओले पोते आणि अग्निशामक वापरायला शिकवू शकतील. मुले मी गोळा करीन. वीज निगमाने डिसेंबरआधी पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येक घराचा मंजूर भार आणि खरा भार ताडून पाहावा. तार बदलेपर्यंत खोल्या देऊ नयेत, माझ्याही वाड्यात.

आणि विश्वस्तहो, तुम्ही वर्षातून एकदा येता, भाडे नेता, चौकातल्या गणपतीला नमस्कार करता. यंदा येताना वायरमनचे पैसे घेऊन या. गच्चीच्या जाळीची किल्ली जाळीशेजारीच खुंटीला टांगा.

काकू अजून त्याच खोलीत झोपतात. थंडी डिसेंबरच्या मध्यावर पडेल. पंचगंगेचा नळ त्याआधी बसवावा, ही विनंती.

आपली,
ब्रह्माघाटावरची एक रहिवासी